पट्टीवाल्यांची मोजणी

त्यांच्या दुकानात शिरताना चपला काढल्या नाहीत तरी चालत असे, पण स्वेटर काढावाच लागे.

पलूसच्या एसटी स्टँडमागच्या बोळातला तिसरा गाळा. आधी तिथे शिंपीकाम चालायचं. दाराबाहेर भिंतीत पाच खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि थंडीच्या दिवसांत त्या पाचही खुंट्यांवर स्वेटर, मफलर, कानटोप्या लटकलेल्या असत. आत कॉम्प्युटरदुरुस्ती. लोकरीत वीज साठते, ती बोटातून बोर्डात उतरली की चिप मरते आणि मेलेली चिप दिसायला जिवंत चिपसारखीच असते, असं त्यांचं म्हणणं. बोर्डाला हात लावण्याआधी ते स्वतः दर वेळी शटरच्या लोखंडाला पंजा टेकवत. मी एकदा तासभर बसून मोजलं. तेवीस वेळा.

आणि हा माणूस मेंढपाळांच्या घरातला. आटपाडीच्याही पलीकडे त्यांचं गाव, घरी शंभरावर मेंढरं. वडील एकदा भेटायला आले तेव्हा मी आत स्टुलावर होतो. म्हाताऱ्याच्या खांद्यावर काळी घोंगडी.

"दादा, घोंगडी खुंटीला," हे आतूनच म्हणाले.

"आरं, बापाला बी सूट न्हाई व्हय?"

"बापाला हाय. घोंगडीला न्हाई."

"ह्याच लोकरीवर तुजी शाळा झाली रं."

"म्हणून तर शेवटची खुंटी सगळ्यात मोठी ठोकलीया."

म्हातारा बाहेर जाऊन घोंगडी टांगून आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुण्यात अकरा वर्सं काडली ह्यानं. तितनं ह्यो रोग आणलाय."

पुण्यात ते एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात होते. तिथून आले ते गळ्यात शिंप्यासारखी टेप अडकवूनच. ती उतरलेली मी एकदाच पाहिली. गाळा शिंप्याचा, गळ्यात टेप, त्यामुळे नवीन बायका अजून ब्लाउजाचं कापड घेऊन येत. त्यांना ते तितक्याच गंभीरपणे सांगत, "ताई, मी पेट्यांची मापं घेतो."

लोक त्यांना पट्टीवाले म्हणत. ते का, हे सांगायला पाहिजे. हल्ली कचेऱ्यांतून वापरून निघालेले जे कॉम्प्युटर बाजारात येतात, ते चपटे असतात. जागा कमी खातात, दिसायला नीट. पण आत एखादं जास्तीचं कार्ड बसवायचं म्हटलं की अडचण. कार्डाची खाच बोर्डावर असते, पण कार्ड उभं राहील एवढी उंची पेटीत नसते. बहुतेक दुकानदार अशा वेळी दुसरी पेटी घ्यायला सांगतात. पट्टीवाले तसं सांगत नसत. ते खाचेत एक रुंद, चपटी केबल लावत, रायझर म्हणतात तिला, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ते कार्ड. मग कार्ड पेटीत आडवं निजवता येतं, नाहीतर पेटीच्या बाहेर स्वतंत्र डब्यात ठेवता येतं. ह्या केबलला ते पट्टी म्हणत.

"कार्डाला घर नसलं तरी भागतंय, पाव्हणं. वाट पायजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पाव्हणं ते सगळ्यांनाच म्हणत. वीज मंडळाच्या साहेबाला, चहावाल्याला, स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्यालाही. मेव्हण्याच्या बाबतीत ते निदान बरोबर होतं.

कार्ड मागवण्याआधी ते त्याचा पुठ्ठ्याचा नमुना करत आणि तो पेटीत बसवून बघत. पुठ्ठा म्हणजे जुन्या लग्नपत्रिका, दोन-तीन एकमेकींवर चिकटवलेल्या. गावातले लोक जुन्या पत्रिका त्यांना आणून देत. त्यामुळे पेटीचं झाकण उघडावं तर आत बोर्डावर कुणाचं तरी शुभमंगल उभं असे. एका फोटोग्राफरच्या पेटीत त्यांनी असा नमुना घालून बघितला. त्याला लग्नाच्या व्हिडिओसाठी मोठं ग्राफिक कार्ड हवं होतं.

"नवरा-नवरी बसत्यात," पट्टीवाले म्हणाले, "पर जेवायला काय घालायचं? तुमच्या पेटीचा एसएमपीएस, म्हंजी वीज देणारा डबा, एकशे ऐंशी वॅटचा. तुमचं कार्ड एकटंच दीडशे खाणार. बाकीच्या बोर्डानं उपाशी बसायचं?"

"आवं, सांगलीत बसवून देतो म्हणालेत."

"देतील की. विझवायला बी तेच येतील का, तेवढं इचारा."

फोटोग्राफर हसला आणि पन्नास वॅटचं लहान कार्ड घेऊन गेला. ते अजून चालतं आहे.

तिसरी सवय मुक्कामाची. काम झालेली प्रत्येक पेटी ते तीन दिवस चालू ठेवत, झाकण उघडं ठेवून, मागच्या फळीवर. पेटीवर खडूने एक, दोन, तीन असे दिवस लिहिलेले. कुणी घाई केली की म्हणत, "मेंढरं नव्या रानात घातली की तीन दिस बगायचं. खात्यात का, बसत्यात का. पैल्या दिवशी समदीच खात्यात." एका पतसंस्थेचा मॅनेजर तासाभरात पेटी पाहिजे म्हणून ओरडत आला होता. पट्टीवाल्यांनी त्याला शांतपणे स्वेटर काढायला लावला, चहा पाजला आणि तिसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या स्वतःच्या चुकीमुळे, आणि ती चूक मोजमापाची होती हे मला आजही सांगावंसं वाटत नाही. कालव्यावर पाणी मोजणं ही माझी नोकरी. सेंटीमीटरचा फरक मी ऐकून घेत नाही.

माझी बायको घराच्या पुढच्या खोलीत रक्ततपासणीची लॅब चालवते. तिथल्या यंत्रातून निकाल थेट कॉम्प्युटरमध्ये जातात आणि कागदावर छापले जातात. मध्ये हात लागत नाही. ह्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, यंत्र जोडलेलं नव्हतं तेव्हा, तिने एका बाईंच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा हाताने उतरवताना एक दशांश आठचा आठ दशांश एक केला. ते घर दोन दिवस सांगलीच्या दवाखान्यात रडत बसलं होतं. चूक कळल्यावर ती स्वतः जाऊन सगळ्यांसमोर कबूल करून आली, आणि तेव्हापासून हाताने उतरवलेला एकही कागद तिने दिलेला नाही. यंत्र आणि कॉम्प्युटर जोडलेले नसतील तर लॅब बंद, हा तिचा नियम.

आमचा जुना कॉम्प्युटर मेला आणि मी सांगलीहून चपटा आणला. टेबल एकशे वीस सेंटीमीटर, पडदा भिंतीवर. यंत्र साठ, प्रिंटर सदतीस, नमुन्यांचा स्टँड दहा. जुनी पेटी अठरा रुंद होती म्हणून स्टँड स्टुलावर ठेवावा लागे आणि बायकोला दर वेळी वाकावं लागे. नवी पेटी साडेनऊ. एकूण एकशे साडेसोळा, साडेतीन शिल्लक. मी कागदावर आकृती काढून दाखवली होती. मग यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं, यंत्राबरोबर आलेलं कार्ड पेटीत घालायला गेलो. कार्ड बारा सेंटीमीटर उंच. मी पेटीचं बाहेरचं माप मिलिमीटरपर्यंत घेतलं होतं. आत काय उभं राहायचं आहे, ते घेतलंच नव्हतं. यंत्राला ते सोडून दुसरं कार्ड चालत नव्हतं, आणि दुकानदार पेटी परत घेत नव्हता. लॅब बंद पडली. नमुने सकाळच्या एसटीने सांगलीला जायला लागले, निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.  रोज सकाळी बायको माझी आकृती टेबलावरून उचलून बाजूला ठेवायची आणि पुसून झालं की परत होती तिथे ठेवायची.

आठव्या दिवशी मी त्या बोळात गेलो. स्वेटर काढला. पट्टीवाल्यांनी पेटी उघडली, टेप लावली आणि म्हणाले, "साडेनवात बारा. पाव्हणं, तुमी काय काम करता?"

"पाणी मोजतो."

"बराय. पाणी कुटं बी बसतंय."

त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा एक डबा केला, साडेतीन सेंटीमीटर जाडीचा, आणि कार्ड त्यात स्क्रूने बसवलं. पेटीच्या बाजूला पट्टीपुरती फट कापली. पत्र्याची धार लागू नये म्हणून फटीला सायकलच्या ट्यूबचा रबर चिकटवला. पट्टी एकोणीस सेंटीमीटरची, पेटीतून निघून सैल झोळीसारखी कार्डाकडे गेलेली. मग तीन दिवस मुक्काम. एका जुन्या लॅपटॉपमधून त्यांनी कार्डाला सहाशे आकडे पाठवले. सहाशेच्या सहाशे पोचले.

पेटी देताना म्हणाले, "ही झोळी अशीच ऱ्हायाला पायजे. दाबायची न्हाई, मुडपायची न्हाई. आन् पैल्या दिवशी मी आल्याबिगर एक बी कागद भाईर जायाचा न्हाई. अकराला येतो."

घरी आणून मांडलं तेव्हा लक्षात आलं. शिल्लक साडेतीन; डबा साडेतीन आणि झोळीची जागा अडीच, मिळून सहा. अडीच सेंटीमीटर जास्त. स्टँड पुन्हा स्टुलावर जाणार. मी डबा पेटीला भिडवला, पट्टी मधोमध घडी घालून दाबली आणि वरून एक रबर लावलं. टेबल बरोबर एकशे वीसला भरलं. मला समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस नमुने होते. बायकोने एकेक लावला. मी पडद्यासमोर. यादीत चाळीस नावं आणि साडेदहाला चाळीसही नावांपुढे आकडे. "चाळीसपैकी चाळीस," मी आत ओरडून सांगितलं, आणि छापायला लागलो. बायको आत लहान मुलांचं रक्त घेत होती, तिने फक्त "हं" केलं. बाहेर बाकावर तेविसाव्या नंबरचे एक आजोबा बसले होते. त्यांची एसटी अकरा दहाची. दहा पन्नासला मी त्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. आकडे जुळले होते. दहा मिनिटांसाठी म्हाताऱ्या माणसाची एसटी कशाला चुकवायची?

अकराला पट्टीवाले आले. पंजा खिडकीच्या गजाला टेकवला.

"किती आलं?"

"चाळीसपैकी चाळीस."

ते सरळ आतल्या दाराशी जाऊन म्हणाले, "वैनी, एकादा नमुना दोनदा घातला व्हता का?"

"हो. पाचव्याची शंका आली म्हणून शेवटी परत लावला. शंका आली की मी लावतेच. त्याचा आकडा यादीच्या शेवटी येतो."

"मंग एकेचाळीस पायजेत."

 मला कळायला थोडा वेळ लागला, बायकोला लागला नाही. एक निकाल वाटेत हरवला होता. त्याच्या रिकाम्या जागी पुढच्याचा निकाल सरकला, त्याच्या जागी त्याच्या पुढच्याचा, आणि शेवटची मोकळी जागा त्या जास्तीच्या निकालाने भरली. बेरीज बरोबर आणि माणसं चुकलेली.

"भाईर काय गेलंय?" पट्टीवाल्यांनी विचारलं.

मी पळालो. पन्नाशीचा माणूस भर रस्त्यात पळतो तसा, एक हात खिशातल्या मोबाइलवर ठेवून. गाडी लागलेली होती. आजोबा खिडकीशी बसून कागदातली जिलेबी खात होते.

"आवं सायेब, लय उपकार झालं. साखर चौऱ्याण्णव! दोन वर्सांनी खातोय बगा ही."

"आजोबा, पाकीट द्या. चूक झाली आहे."

"कुणाची?"

"माझी. आणि जिलेबीही द्या."

"आत्ताच दिलासा आन् आत्ताच काडून घेतासा व्हय?" म्हणत ते उतरले. पाकीट माझ्या हातात, जिलेबी त्यांच्या.

आम्ही पोचलो तेव्हा बायको उरलेले एकोणचाळीस कागद फाडत होती. तिने आजोबांचाही कागद घेऊन फाडला, त्यांचा नमुना तेवढा पुन्हा लावला, आणि यंत्राच्याच लहान पडद्यावरचा आकडा त्यांना दाखवला. तीनशे बारा.

"गोळ्या सोडल्यात ना?"

 जिलेबीचा कागद आजोबांनी हळूच टेबलावर ठेवला. पट्टीवाल्यांनी तो उचलला. "मुद्देमाल जप्त," म्हणाले आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली. आजोबा आधी हसले, मग ह्यांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला तेव्हा जरा हिरमुसलेही.

मग मोजणी झाली. पट्टीवाल्यांनी अंगणातून चाळीस खडे आणले, धुऊन घेतले आणि पडद्यासमोर मांडले. "वैनी, परत एकेक लावा. यंत्राचं झालं की नंबर सांगा." बायको यंत्रापाशी उभी राहून म्हणायची, "एक." पडद्यावर आकडा उमटला की ते एक खडा डावीकडून उजवीकडे सरकवायचे. "दोन." खडा. मी सांगितलं की शेवटी एकदम मोजलं तरी हेच कळेल. त्यांनी मान वर केली नाही.

"वाड्यात बसल्याली मेंढरं मोजून काय कळत न्हाई, पाव्हणं. आपलं एक गेल्यालं असतंय आन् शेजाऱ्याचं एक आल्यालं असतंय. आकडा त्योच. मोजायचं तोंडाशी. एकेक आत जाताना."

"चौदा," बायको म्हणाली.

पडद्यावर काही आलं नाही. पट्टीवाल्यांचं बोट चौदाव्या खड्यावर तसंच राहिलं. मग ते उठून टेबलाच्या मागे गेले.

"हे रबर कुणी लावलं?"

"मी."

"कशापायी?"

"अडीच सेंटीमीटर जास्त होत होतं."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. ती उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले. टेप संपली, तिथे बोट ठेवून पुढे मोजलं.

"तीनशे चाळीस," म्हणाले. "टेबल एकशे वीस, खोली तीनशे चाळीस. ह्यात एक स्टूल बसत न्हाई?"

बायको यंत्रापाशीच उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

घडी पडलेली पट्टी त्यांनी पुन्हा वापरली नाही. आतली तार तुटली नसली तरी ती आता विश्वासाची नाही म्हणाले. नवी लावली आणि वर पुन्हा तीन दिवस मुक्काम, ह्या वेळी आमच्या घरी. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "राहू द्या तीन दिवस." चौथ्या दिवशी एक नमुना मुद्दाम दोनदा लावून मोजलं. एकेक, तोंडाशी. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. मग पहिला कागद बाहेर गेला. आजोबा त्यानंतर दर महिन्याला यायला लागले, आणि आले की कागद हातात घेण्याआधी विचारायचे, "सायेब, ह्यो माजाच हाय न्हवं?"

तो कॉम्प्युटर अजून चालतो आहे. डबा टेबलावर, पट्टी झोळीसारखी सैल, स्टँड स्टुलावर. स्टूल मी उंच करून घेतलं, बायकोला आता वाकावं लागत नाही. हे आधी सुचायला हवं होतं. निकाल येताना मी अजूनही एकेक खूण करतो, आणि कालव्यावरही दिवसाची बेरीज बघण्याआधी दर तासाची नोंद बघतो. साहेब म्हणतात वेळ जातो. जातो.

पट्टीवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी गाळा सोडला. वडिलांच्याने आता मेंढरांमागे चालवेना. गाळ्यात सध्या मोबाइलची कव्हरं मिळतात. खुंट्या आहेत तशाच आहेत, त्यांवरही कव्हरंच.

गेल्या थंडीत कामानिमित्त आटपाडीकडे गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. दिवस मावळायला आला होता. मेंढरं वाड्यात शिरत होती आणि ते तोंडाशी उभे होते, गळ्यात टेप. मी हाक मारली. त्यांनी डाव्या हाताने थांबा अशी खूण केली आणि उजव्या हाताची बोटं मुडपत राहिले. मी पलीकडच्या बाजूला उभा राहिलो आणि सवयीने मीही मोजायला लागलो. शेवटचं मेंढरू आत गेलं.

"एकशे बारा," ते म्हणाले. "तुमचं?"

"एकशे अकरा."

वाड्याशी बसलेले त्यांचे वडील म्हणाले, "आरं, पाव्हण्याचं चुकलं आसंल. त्याला काय सवय हाय?"

"त्यांचं चुकलं का माजं, ते कशावरनं ठरवायचं?" पट्टीवाल्यांनी वाड्याचं तोंड उघडलं. "सोडा भाईर समदी."

म्हातारा बडबडत उठला. सगळी मेंढरं पुन्हा बाहेर काढली, धूळ उडाली, कुत्रं भुंकायला लागलं. ती पुन्हा एकेक आत आली. ह्या वेळी आम्ही दोघंही मोठ्याने मोजत होतो. मधे एक कोकरू आईच्या पोटाखालून, तिच्या पायात पाय घालत गेलं. आधी माझ्या नजरेतून निसटलं ते तेच असावं.

"एकशे बारा."

"एकशे बारा."

त्यांनी वाड्याचं तोंड बांधलं. गार वारं सुटलं होतं. सवयीने मी स्वेटर गाडीतच काढून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वडिलांच्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या अंगावर टाकली.

"हितं चालतंय," म्हणाले.